पोटखराब्यातला डोंगर

मामांनी आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात तलाठी म्हणून नोकरी केली आणि मंडळ अधिकारी म्हणून ते निवृत्त झाले. त्यांची भाची उपग्रहातून आणि विमानातून घेतलेल्या मोजमापांवरून डोंगरउतारांचे डिजिटल आराखडे बनवते. दरड कुठून सुटेल आणि सुटली तर कुठवर जाईल, याचं गणित ती त्यावर मांडते. दरडींवरून या दोघांचं नेहमी वाजतं. मी त्यांच्या घरातलाच, त्यामुळे हे बोलणं बरंच ऐकलेलं आहे. 'दोघंही आपापल्या जागी बरोबर' असं म्हणून ते सोडून द्यावं असं मला वाटत नाही. सह्याद्रीतल्या वाड्या वाचवायला पैसा आणि माणसं कशावर लावायची, हा प्रश्न त्यात आहे. आपण बोललो नाही तरी कोणीतरी त्याचं उत्तर देतंच आहे. म्हणून ते बोलणं इथे मांडतो. राहवलं नाही तिथे मीही मधे बोललो आहे.

मामा: तुझा रंगीत नकाशा पाहिला. एक सांग, माळीण गाव त्यात धोक्याच्या लाल रंगात आहे का?

भाची: आहे.

मामा: आता असणारच. ३० जुलै २०१४ ला गाव दरडीखाली गेलं, त्याच्या आधी काढला असतास तर?

भाची: कशावरून काढला असता, त्यावर आहे. तेव्हा हातात होतं काय? एन्डेव्हर अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत रडारने जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ते आकडे आपल्याला नव्वद मीटरच्या चौकोनांत मिळत. त्याहून बरा आपल्या कार्टोसॅट-१ चा आराखडा. २००५ साली सोडलेला हा उपग्रह एकाच जागेचे दोन कोनांतून फोटो घ्यायचा, त्यावरून उंची काढायची. तो तीस मीटरचा.

मामा: तीस मीटरचा म्हणजे?

भाची: जमिनीचे तीस बाय तीस मीटरचे चौकोन पाडायचे. एका चौकोनाला एकच उंची.

मामा: नऊशे चौरस मीटर. म्हणजे जवळपास नऊ गुंठे. अगं, डोंगरातल्या नऊ गुंठ्यांत दोन घरं, एक गोठा, चार भातखाचरं आणि मधून एक ओहोळ असतो. एका खाचरातून दुसऱ्यात उतरायचं तर पुरुषभर बांध. हातभर बांधासाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जातात, आणि तू त्या सगळ्याला मिळून एक उंची देणार?

भाची: म्हणून तर मी लायडार मागते.

लायडारचं काम समजल्याशिवाय तिचा हट्ट समजत नाही. कॅमेरा असो की रडार, वरून पाहणाऱ्याला आधी झाडाचा शेंडा लागतो. भीमाशंकरच्या अंगाला हिरड्या-जांभळीच्या दाट रानावर मोजलेली उंची पुष्कळदा पानांची असते. जमीन त्याच्याखाली कितीतरी मीटर. शिवाय तीव्र उतारावर या आकड्यांत उभी चूक काही मीटरांची सहज येते. दरडीच्या अभ्यासाला लागतो तो उघड्या जमिनीचा आराखडा, झाडं आणि घरं काढून टाकलेला. लायडारमध्ये विमानातून किंवा ड्रोनवरून सेकंदाला लाखभर किंवा त्याहूनही जास्त लेसरकिरण खाली सोडतात. बरेचसे पानांवर आपटून परततात, पण काही फटींतून जमिनीपर्यंत पोहोचतात. सर्वांत शेवटी परतलेले वेगळे काढले की रान बाजूला होतं आणि खालची जमीन मीटर-अर्ध्या मीटरच्या बारकाव्याने समोर येते. त्यात जुनी दरड ओळखू येते: वर कोयत्याने तासल्यासारखी अर्धगोल खाच, आणि तिच्या बरोबर खाली पसरलेला ओबडधोबड फुगवटा. त्या जागेवर उभं राहिलं तर डोळ्यांना मात्र फक्त रान आणि खाचरं दिसतात.

मामा: जुनी दरड कुठे झाली ते म्हाताऱ्यांना विचारलं तर तेही सांगतात. विमान कशाला उडवायला हवं?

भाची: वाडीतलं सगळ्यात म्हातारं माणूस किती वर्षांचं?

मामा: नव्वद धर.

भाची: त्याच्या आजोबांनी सांगितलेलं धरलं तर दीड-पावणेदोनशे वर्षं झाली. उतार पुन्हा सुटायला त्याहून फार जास्त काळ लागू शकतो. आठवणीत नाही म्हणून धोका नाही, असं होत नाही. आणि वाडी बसते कुठे बघा. उभ्या कड्याच्या पायथ्याला जिथे जरा सपाटी आहे, झरा आहे, माती खोल आहे, तिथे. ती सपाटी आली कुठून? पुष्कळ ठिकाणी ती कड्यावरून कधीकाळी खाली आलेल्या दगडमातीचीच असते.

मामा: म्हणजे दरडीवरच वाडी.

भाची: काही ठिकाणी, हो. आणि आठवण आता आणखी एका कारणाने अपुरी पडते. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी खाली महाड तालुक्यात तळिये गाव दरडीखाली गेलं, ऐंशीहून जास्त माणसं गेली. एवढा पाऊस एका दिवसात पाहिलेला म्हातारा मला दाखवा. आजोबांच्या काळच्या पावसावर बांधलेला अंदाज या पावसाला लावायचा कसा?

मामा: ठीक आहे. म्हाताऱ्यांना माहीत नाही, तुला माहीत आहे. कळून पुढे काय होतं ते सांग.

या प्रश्नावर भाची गप्प बसू शकली असती. बसली नाही. आपल्या बाजूला अडचणीचं ठरणारं उदाहरण तिने स्वतःहून काढलं, आणि मला ते फार मोलाचं वाटलं.

भाची: अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात ओसो नावाची वस्ती आहे. तिथल्या खोऱ्याची लायडार मोजणी आधीच झालेली होती. जुन्या दरडींच्या खुणा एकाला लागून एक, अगदी स्वच्छ दिसत होत्या. तोच उतार २००६ मध्येही सुटला होता. तरी समोर घरं राहिली. २२ मार्च २०१४ ला टेकडी सुटली, नदी ओलांडून वस्तीवर आली, ४३ माणसं मेली.

मामा: माळीणच्या चार महिने आधी. ज्यांच्याकडे नकाशा होता तीही मेली, ज्यांच्याकडे नव्हता तीही मेली.

भाची: हो.

मामा: आता माझं ऐक. जोशीमठ. १९७६ साली मिश्रा समितीने लिहून ठेवलं होतं की हे गाव जुन्या दरडीच्या मालावर बसलंय, इथे मोठी बांधकामं नकोत. त्याला लायडार लागलं नव्हतं. २०२३ च्या जानेवारीत घरं फाटली. उपग्रहाच्या मोजणीवरून बारा दिवसांत पाच सेंटिमीटरहून जास्त खचल्याचं जाहीर झालं, तर ती माहितीच संकेतस्थळावरून काढली गेली, आणि संस्थांना सांगण्यात आलं की माध्यमांशी बोलू नका. तुझा नकाशा अचूक असेल गं. पण लाल झाला की तो कपाटात जाणार. मी दप्तरात आयुष्य काढलंय, कपाटं मला माहीत आहेत.

भाची: मग कपाटात जाणार नाही असा नकाशा करू. केलाच नाही तर लपवायलाही काही नाही, यात वाडीचं काय भलं झालं?

मामा: बरं, कपाट राहू दे. यादीचं बोल. माळीणनंतर दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची वाडी गेली. रस्ता नाही, जेसीबी चढत नाही, माणसं पायी वर गेली आणि फावड्यांनी उकरत राहिली. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं मिळालीच नाहीत, शोध थांबवला. आणि विधानसभेत सांगितलं गेलं की ही वाडी यादीत नव्हती.

भाची: का नव्हती ते बघा ना, मामा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ नंतर देशातल्या दरडप्रवण डोंगरांचे नकाशे केले, सुमारे ४.३ लाख चौरस किलोमीटरचे. मोठं काम आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याचं प्रमाण १:५०,०००. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. पन्नासच्या आतबाहेर घरांची ठाकरवाडी त्यावर किती? तीन-चार मिलिमीटर. कुठल्या तालुक्यात, कुठल्या पट्ट्यात आधी लक्ष घालायचं, एवढं त्यातून कळतं. कुठलं घर, ते कळत नाही. त्यासाठी तो केलेलाच नाही. आणि तुमच्या याद्या गावांच्या. कोसळतो तो उतार. तो उतार एका गावाच्या शिवारात सुरू होतो आणि दुसऱ्याच्या वाडीवर संपतो.

मामा: यादी गावाचीच होणार. महसुलाचा सगळा कारभार गावावर आहे. वाडीचं नाव कागदावर स्वतंत्र असतंच असं नाही. पण तुला एक गोष्ट सांगतो, ती तुझ्या संगणकात नाही. वाडीच्या डोक्यावरचा तो उतार आमच्या दप्तरात काय म्हणून असतो?

भाची: काय म्हणून?

मामा: खातेदाराचा असला तर सातबाऱ्यावर पोटखराबा. पिकत नाही, आकारणी नाही, पीकपाहणीला तिथे कोणी चढत नाही. खातेदाराचा नसला तर बहुतेक वनखात्याचा. मग गावनकाशावर एक हद्दीची रेघ आणि तिच्या पलीकडे कोरा कागद. ज्या जमिनीचा सारा येतो तिचा बांधन्‌बांध मोजलेला आहे, टिपण आहे, फाळणी आहे. जी जमीन अंगावर येते ती आपण कधी मोजलीच नाही.

भाची: आणि आजही मोजत नाही! स्वामित्व योजना २०२० पासून चालू आहे. ड्रोन उडवून गावठाणातल्या घराघराची हद्द मोजतात, १:५०० प्रमाणाचा नकाशा होतो, मालकाला सनद मिळते. चांगली गोष्ट आहे. पण ड्रोन गावठाणाची हद्द आली की परत फिरतो. तोच ड्रोन आणखी वर, कड्यापर्यंत गेला असता तर वाडीच्या डोक्यावर काय आहे ते त्याच मोहिमेत कळलं असतं.

इथे मला बोलावंसं वाटतं, कारण दोघं भांडता भांडता एकाच जागी येऊन उभी राहिली आणि त्यांच्या ते लक्षात आलं नाही. दरडीचा प्रश्न आपण विज्ञानाचा किंवा निधीचा समजतो. मामा-भाचीच्या बोलण्यातून मला तो मोजणीच्या इतिहासाचा दिसतो. इंग्रजांच्या काळापासून आपण जमीन मोजली ती साऱ्यासाठी, मालकीसाठी, वादासाठी. घराची हद्द सेंटिमीटरांत आणि डोक्यावरचा डोंगर तीस मीटरांत, ही विषमता तिथून आली आहे. ती पुढेही राहणार असं दिसतं. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणात २०३० पर्यंत साऱ्या देशाचा उंचीचा अचूक आराखडा करायचं ठरलं आहे: सपाट प्रदेशात पंचवीस सेंटिमीटरपर्यंत अचूक, डोंगराळ भागात एक ते तीन मीटर. भाचीने याचं कारण सांगितलं. डोंगरात विमान जमिनीपासून एकसारख्या उंचीवर नेता येत नाही, उतारावर आडवी छोटीशी चूक उंचीत मोठी होते, रानातून जमिनीवर पोहोचणारे किरण कमी. कारण पटण्यासारखं आहे. तरीही मी म्हणेन की देशभराचं काम पुरं होण्याची वाट न पाहता, ज्या उताराखाली माणसं झोपतात तेवढे उतार आधी आणि जास्त बारकाईने मोजले पाहिजेत. सगळा सह्याद्री एकदम नको, वाड्यांच्या डोक्यावरचा सह्याद्री हवा.

मामा: वाडीच्या डोक्यावरचा उतार मोजलास समज. मग पुरे का तेवढं?

भाची: नाही. दरड सुटते तिथेच थांबत नाही. वायनाडचं बघा. ३० जुलै २०२४.

मामा: ३० जुलै? माळीणला दहा वर्षं झाली त्या दिवशी.

भाची: त्याच दिवशी. दरड सुटली सुमारे १,५५० मीटर उंचीवर. दगड, माती, झाडं, पाणी यांचा लोंढा नदीच्या पात्रातून जवळजवळ आठ किलोमीटर खाली गेला. मुंडक्कै, चूरलमला या वस्त्या नदीकाठाला होत्या. तिथल्या माणसाने दारात उभं राहून वर पाहिलं असतं तर ज्या जागेने घात केला ती त्याला दिसलीही नसती. अडीचशेहून जास्त माणसं गेली. म्हणून बारीक आराखडा लागतो. त्यावर प्रत्येक चौकोन आपल्या आठ शेजाऱ्यांपैकी सगळ्यात जास्त उतार असेल तिकडे पाणी देतो, असं धरून वाटा काढायच्या. कुठल्या घळीत किती उतारांचं पाणी जमतं ते कळतं. मग तिथून माल सुटला तर कुठल्या ओढ्याने, कुठल्या वळणावर बाहेर पडून, कुठवर जाईल ते मांडता येतं. तीस मीटरच्या आराखड्यात ओढाच बुजलेला असतो, लोंढा भलतीकडे जातो.

मामा: पाणी कुठून येतं ते मला विचार ना. गावातला गुराखी सांगेल. कुठला झरा पाऊस लागल्यावर दुसऱ्या दिवशी फुटतो, कुठला आठवड्याने. कुठल्या खाचराला यंदा भेग पडली, कुठल्या घराचं दार अचानक घासायला लागलं, कुठला विजेचा खांब कलला. झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ आलं किंवा आटलं तर डोंगराच्या पोटात काहीतरी हललंय, हे सांगायला लेसर लागत नाही. आणि तुझा आराखडा एकदाच केलेला. डोंगर रोज बदलतो.

भाची: हे सगळं मला हवंय, मामा. आराखडा 'कुठे' ते सांगतो, 'केव्हा' ते सांगत नाही. 'केव्हा'साठी पाऊस हवा, भेगा हव्यात, तुमचा गुराखी हवा.

मामा: पाऊस तरी कुठे मोजतो आपण? महावेध प्रकल्पाची हवामानयंत्रं महसूल मंडळाला एक. राज्यात दोन हजारांवर बसवली, ऐकायला भरपूर वाटतात. पण मंडळाचं यंत्र सोयीच्या सपाट जागेवर, आणि वाडी कड्याखाली. आमच्याकडे एका दांडाच्या अलीकडे भुरभुर आणि पलीकडे झोडपून काढतो. यंत्रात साठ दिसतो तेव्हा वाडीवर दोनशे झालेला असतो. मी म्हणतो, तुझ्या विमानाचे पैसे आधी प्रत्येक वाडीच्या पर्जन्यमापकाला द्या. शाळेच्या मास्तराला शिकवा, अंगणवाडीच्या बाईला शिकवा.

भाची: वायनाडमध्ये नेमकं हेच केलेलं होतं. कल्पेट्ट्याच्या ह्यूम सेंटरने लोकांच्या मदतीने जिल्हाभर पर्जन्यमापकांचं जाळं उभं केलंय. आदल्या दिवशी त्यांनी जिल्हा प्रशासनाला धोका कळवलाही होता.

मामा: आणि?

भाची: आणि लोंढा आला तेव्हा शेकडो लोक घरांतच झोपलेले होते. पाऊस किती झाला ते कळलं तरी कुठलं घर रिकामं करायचं ते कळावं लागतं. सगळा तालुका उठवता येत नाही. दर पावसाळ्यात चार वेळा उठवलं तर पाचव्यांदा कोणी उठत नाही. नकाशा त्यासाठी. उठवायची माणसं कमी करण्यासाठी.

हा मुद्दा मामांना मान्य झाला असं मला वाटलं, पण त्यांनी तो बोलून दाखवला नाही. ते स्वित्झर्लंडकडे वळले, कारण भाचीने त्या देशाचं नाव अनेकदा घेतलेलं होतं. तिथे साऱ्या देशाचा अर्ध्या मीटरचा भूआराखडा कोणालाही फुकट मिळतो. धोक्याचे नकाशे करणं प्रांतांवर कायद्याने बंधनकारक आहे, आणि लाल पट्ट्यात नवं घर बांधता येत नाही. २०२५ च्या मे महिन्यात लोट्शेनताल खोऱ्यातल्या ब्लाटेन गावावर हिमनदी आणि डोंगराचा कडा मिळून कोसळले. गाव जवळजवळ पूर्ण गाडलं गेलं. पण नऊ दिवस आधी, १९ मे रोजी, तिथले सुमारे तीनशे लोक बाहेर काढलेले होते. २८ मे रोजी डोंगर आला तेव्हा एकच माणूस गेला.

मामा: गुरं?

भाची: गुरंसुद्धा बाहेर काढली होती.

मामा: मग त्यांचं जमलं ते त्यामुळे. एकट्या तुझ्या अर्ध्या मीटरमुळे नाही. आपल्याकडे पाऊस लागला की माणसांना शाळेत नेऊन ठेवतात. चटई देतात, खिचडी देतात. अंधार पडला की घरातला कर्ता उठून वाडीवर परत जातो. का? गाभण म्हैस खुंट्याला बांधून कोण झोपेल शाळेत? गुरांना नेईपर्यंत माणूस हलत नाही, हे मी तहसीलदारांना सांगून थकलो. तिथे घराचा विमा असतो, सरकार मागे उभं राहतं. इथे घर सोडलं की माणूस उघड्यावर.

भाची: तुमचं खरं आहे. पण आठवडाभर आधी काढायला आधी कळावं लागलं. वरचा कडा रोज किती सरकतोय ते मोजत होते, आणि खाली काय येईल ते आराखड्यावर मांडलेलं होतं. चारा-छावणी कुठे करायची, तेही त्याच आराखड्यावर ठरेल. तुम्ही सांगा, मी जागा शोधून देते.

मामा: जागा शोधणं सोपं नाही. आणि लाल रंग नुसता रंग नसतो, बाई. पश्चिम घाटाच्या कस्तुरीरंगन समितीच्या संवेदनशील गावांच्या यादीत गाव आलं म्हटल्यावर लोक कसे बिथरले, आठवतं? शेत विकता येणार नाही, घराला खोली काढता येणार नाही, असं प्रत्येकाच्या मनात भरलं. कोणी नीट सांगितलंच नाही. तुझ्या लाल पट्ट्यात ज्याचं घर येईल त्याला कर्ज कोण देणार? आणि माळीणनंतर काय झालं? पडकईवर बोट ठेवलं. उताराला भातखाचरं काढायची ती योजना, आदिवासीच्या घरात चार पोती भात यावा म्हणून. पूर्वी माणसं हाताने करायची, एकमेकांच्या मदतीला जाऊन. पुढे यंत्रं आली. दरड पडकईने सुटली की पावसाने, यावर जाणकारांचंही एकमत झालं नाही. पण लोक बोलून गेले, ह्यांनीच डोंगर खोदला. मेलेल्यांवर आळ. उद्या तुझ्या नकाशाने तोच आळ दुसऱ्या वाडीवर यायचा.

भाची: उलट होईल, मामा. ७ फेब्रुवारी २०२१, चमोली. कोरडी सकाळ, पाऊस नाही, आणि ऋषिगंगेला पूर आला. दोनशेहून जास्त माणसं गेली. सुरुवातीला सगळे म्हणत होते, हिमतलाव फुटला. शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या फोटोंवरून दुर्घटनेनंतरचा आराखडा केला आणि तो आधीच्या आराखड्याशी ताडला. एकातून दुसरा वजा केला. रोंटी शिखराच्या उतारावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ सुटल्याचं निघालं. तलावाचा संशय संपला. आता माळीणचं बघा. दरडीच्या आधीचा एक मीटरचा आराखडा हाताशी असता, तर यंत्रं कुठे आणि किती खोल गेली, दरड त्याच खाचरांतून सुटली की त्यांच्याही वरून, हे वजाबाकीने दिसलं असतं. ते नव्हतं म्हणून आळ उरला. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यावर आळ येतो, हे तुम्हीच मला लहानपणापासून सांगत आलात.

या उत्तराने मामा हलले. मीही हललो. दरडीनंतर चौकशी होते तेव्हा मालकाकडे सातबारा असतो, कंत्राटदाराकडे मोजमाप वही असते, डोंगराची मात्र आधीची काहीच नोंद नसते. आजच्या उताराची बारीक मोजणी आज करून ठेवणं, यात उद्याच्या गरीब माणसाचं संरक्षण आहे. घाटरस्ते रुंद होत आहेत, डोंगराच्या पायथ्याला बंगले आणि रिसॉर्टं उभी राहत आहेत, त्यासाठी उतार तासला जातो आहे. कोणी किती तासला, हे दर दोन-तीन वर्षांनी केलेली मोजणी स्वच्छ सांगेल. वाडीवरच्या माणसाने तोंडी सांगितलेलं कोणी लिहून घेत नाही. वजाबाकीचा आकडा पंचनाम्यात लिहावा लागेल.

मामा: हे कागदाचं मला पटलं. मग मला तुझा नकाशा हवाय, पण मी सांगतो तसा. गट नंबरांसकट. वाड्यांची, ओहोळांची, दांडांची नावं लोक म्हणतात तशी. मराठीत, भिंतीवर लावता येईल एवढा मोठा. मोबाइलवर नको, डोंगरात पाऊस लागला की पहिला टॉवर जातो. आणि लावायच्या आधी ग्रामसभेत ठेव. फेरफाराला देतो तशी पंधरा दिवसांची मुदत दे हरकतींना.

भाची: हरकती येतील.

मामा: येणारच. माझं लाल आणि भावकीचं पिवळं कसं, असंही येईल. तेव्हा तू तिथे हवीस. ज्याची हरकत असेल त्याला घेऊन वर चढायचं. भेग असली तर दाखवायची, नसली तर रंग उतरवायचा.

भाची: असा रंग उतरवता येत नाही, मामा. भेग दिसली नाही म्हणून पस्तीस अंशांचा उतार आणि त्यावरची ओली माती सुरक्षित होत नाही. तुम्ही दाखवलेल्या भेगेने मी रंग वाढवीन. कमी करायचा तर मला दुसरं कारण लागेल.

मामा: मग हेच तिथे तोंडावर सांगायची तयारी ठेव. रागावतील.

भाची: रागावू देत. पण समजा लाल राहिलाच, तर उठतील?

मामा: जमीन द्या, उठतील. माळीणच्या लोकांना आमड्याला नवं गाव बांधून दिलं, २०१७ मध्ये माणसं तिथे राहायला गेली. पण तोवर माणसं मेलेली होती. मरायच्या आधी उठवायचं तर नुसत्या घरावर भागत नाही. घर दिलंत आणि खाचर वरच राहिलं, तर माणूस दिवसा खाचरावर जाणार, आणि लावणीच्या दिवसांत पाऊस लागला की रात्रीही तिथेच खोपटात झोपणार. नेमके तेच दरडीचे दिवस.

भाची: म्हणजे आणखी एक थर काढावा लागेल. लोंढ्याच्या वाटेबाहेरची, पाण्याजवळची, कसण्याजोगी जमीन कुठे आहे आणि कोणाची आहे. उतार आणि पाणी मला आराखड्यावरून कळेल. मालकी तुम्ही सांगायची.

मामा: तो थर पहिला काढ. लाल नंतर दाखव.

भाची: नाही. जमीन मिळेपर्यंत लाल लपवून ठेवायचा, तर ते कपाटच झालं की. दोन्ही एकाच दिवशी दाखवायचे.

मामा: जमिनीशिवाय लाल दाखवलास तर लोक नकाशा फाडतील.

भाची: आणि लाल न दाखवता एक पावसाळा गेला तर?

मामा: मग मृग लागायच्या आत दोन्ही आण. वाड्यांची नावं मी उद्यापासून लिहून काढतो. वनखात्याच्या हद्दीतला उतार मोजायला परवानगी लागेल, तो अर्ज आजच टाक. त्यालाच सगळ्यात वेळ लागतो.